हवालदार आणि तीन मोडलेल्या गिटारी

हवालदार माणसाला मारण्याआधी चष्मा काढून ठेवत. स्वतःचा नव्हे, त्यांना चष्मा लागलाच नाही, समोरच्याचा. डाव्या हाताच्या दोन बोटांनी ते तो अलगद उचलत, काड्या मिटत, जवळच्या टेबलावर ठेवत आणि मग उजव्या हाताने मारत. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस मी बंगळूरच्या एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक म्हणून लागलो, त्या पहिल्याच आठवड्यात हे पाहिले. छपाई खात्यातल्या एकाने जेवणाच्या सुट्टीत त्यांची जात काढली होती. त्याचे पुढचे दोन दात पडले. चष्म्याला ओरखडा नव्हता. नंतर मी कारण विचारले. हवालदार म्हणाले, "दात गेले तर माणूस पेज पिऊन जगतो. डोळा गेला तर वाचणार काय?"

ते आमच्या प्रूफ विभागाचे प्रमुख होते. मूळचे नगर जिल्ह्यातले, मिशनच्या शाळेत शिकलेले, लढाईच्या काळात फौजेत जाऊन हवालदार झालेले. तिथे पलटणीसाठी मुष्टियुद्ध खेळले. डावा कान त्या खेळात चेचला गेला होता आणि बिबव्यासारखा गोळा होऊन राहिला होता. पलटण बंगळूरला मोडली, ते इथेच राहिले. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघेच. माझे घराणे कित्येक पिढ्या इकडे; मल्लेश्वरमच्या आमच्या घरात निम्मे शब्द कन्नड असत. पहिल्या दिवशी 'थोडे थांबा, मजकूर नीट करून आणतो' म्हणायचे, तर मी त्यांना म्हणालो, "स्वल्प थांबा, मजकूर सरी करून आणतो." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "हे मराठी आहे का मराठीचं प्रेत?" तेव्हापासून मी 'बंगळुरी' झालो. माझे नाव त्यांनी कधीच घेतले नाही.

लाल पेन्सिलीशिवाय त्यांना पुस्तक वाचता येत नसे. छावणीच्या, म्हणजे कँटोन्मेंटच्या, फुटपाथवर जुनी पुस्तके मिळत, ती ते पिशवी भरभरून आणत आणि छपाईच्या चुका दुरुस्त करून पुन्हा त्याच फुटपाथवाल्याला देऊन टाकत. तो म्हणे, "हवालदारसाब, आधी लोक कोरं पुस्तक मागायचे, आता लाल खुणांचं मागतात." पवित्र शास्त्राची मराठी प्रत त्यांच्या खणात असे. तिच्यातही एके ठिकाणी लाल खूण होती. मी भुवया उंचावल्या. "देवाची नाही," ते म्हणाले, "छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याची."

शास्त्रातली मारामारी त्यांना पाठ होती. रात्रभर देवदूताशी कुस्ती खेळून मांडीचा सांधा निखळलेला माणूस, गाढवाच्या जबड्याचे हाड हाती घेऊन लढलेला माणूस. प्रभूने दोऱ्यांचा कोरडा करून मंदिरातले व्यापारी हाकलले, हा भाग तर ते उभे राहून सांगत. "सुतार होता तो," ते म्हणत. "सुताराचं मनगट बघितलंयस का कधी?" माझ्यासारख्या देवळात जाणाऱ्याला ते बाटवायला पाहत नव्हते. त्यांना ऐकणारा हवा होता, एवढेच. एकदा मी म्हणालो की तुमच्या धर्मात क्षमाही आहे, असे ऐकतो. ते बराच वेळ प्रूफ तपासत राहिले. "आहे," ते म्हणाले. "त्या पानांवर माझी पेन्सिल चालत नाही."

त्यांना एकच मुलगा. शमुवेल. वय एकोणीस, सरकारी कारखान्यात शिकाऊ कामगार. याला त्यांनी मुष्टियुद्ध शिकवले नाही. साधी मूठही धरू दिली नाही. "घरात एक पुरे आहे," असे ते म्हणत. शमुवेलला सिलोनच्या रेडिओवरून आणि छावणीतल्या दोस्तांच्या तबकड्यांवरून रॉकचे वेड लागले. त्याने गिटार स्वतः बनवली. चर्चमधल्या मोडक्या बाकाची फळी, घोड्याच्या नालाच्या आकाराचे लोहचुंबक, त्यावर हाताने गुंडाळलेली तार, आणि आवाज मोठा करायला जुना रेडिओ. घरातल्या रेडिओतून मुलाच्या हातचा आवाज पहिल्यांदा बाहेर पडला, त्या दिवशी हवालदारांनी ती गिटार गुडघ्यावर मोडली आणि पट्ट्याने शमुवेलची पाठ फोडली. त्यांची बायको, रूथबाई, मधे आली. तिच्या दंडावर वळ उठला. दुसरी गिटार दोन महिन्यांनी तयार झाली. तीही मोडली. तिसरी त्यांनी कुऱ्हाडीने फोडली आणि तिच्यावर आंघोळीचे पाणी तापवले.

हे सगळे ते मला स्वतः सांगत, त्याच सपाट आवाजात, ज्यात ते प्रूफातल्या चुका सांगत. मी एकदा म्हणालो, "सैतानाचं संगीत म्हणून मोडता ना?"

"सैतान इतका बेसूर नसतो."

"मग?"

"लेका, तू कधी कुणाला मारलेलं नाहीस. तुला कळायचं नाही." त्यांनी आपले दोन्ही हात टेबलावर उलटे ठेवले. "ती गाणी लागली की हे हात शिवशिवतात. ती मारामारीची गाणी आहेत. माझ्या बापाचे हात असेच होते, माझे असेच आहेत. पोराच्या अंगातही ते असणार. ते जागं होता कामा नये."

"म्हणून तुम्ही त्याला मारता?"

"म्हणून मारतो."

चौथी गिटार शमुवेलने घरी आणली नाही. साठचे दशक नुकतेच लागले होते. छावणीतल्या मोठ्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात रविवारी सकाळी दहा ते एक असे कार्यक्रम होऊ लागले होते: कॉफी, सँडविच आणि चारपाच जणांचा वाद्यवृंद. कॉलेजची मुले दाराबाहेर रांग लावत. शमुवेल तिथे वाजवू लागला. आणि बरोबर दहालाच चर्चच्या मागच्या खोलीत मराठी उपासना असे. सातआठच कुटुंबे. हवालदार पहिल्या बाकावर बसत, शेजारची जागा रिकामी ठेवत आणि तिथे कुणाला बसू देत नसत.

एका रविवारी दुपारी बाराच्या सुमारास त्या हॉटेलात भांडण झाले. कायद्याच्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याने वाजवणाऱ्यांवर बाटली फेकली. ती ड्रम वाजवणाऱ्या पोराच्या कपाळावर फुटली. शमुवेल गिटार घेऊनच खाली उतरला आणि तिची कड त्याने त्या विद्यार्थ्याच्या तोंडावर हाणली. एकदा नव्हे. साक्षीदारांनी नंतर तीन ते पाच असे वेगवेगळे आकडे सांगितले. पोलीस आले तेव्हा शमुवेल गिटारीचा दांडा हातात धरून उभा होता. विद्यार्थ्याला इस्पितळात नेले. डावा डोळा गेला.

संध्याकाळी सहाच्या आधी बातमी माझ्या टेबलावर आली. वार्ताहराने पोलीस ठाण्यातून नाव, वय, पत्ता, कारखाना, सगळे आणले होते. मी नाव आणि कारखाना खोडला आणि 'एक तरुण' असे लिहिले. नाव छापून आले की कारखाना त्याला दुसऱ्या दिवशी काढून टाकील, हे मला माहीत होते. आरोप शाबीत व्हायचा होता. माझे खोडणे नियमात बसत होते, पण मी ते नियमासाठी केले नव्हते.

हवालदार त्या संध्याकाळी कामावर येतील असे कुणालाच वाटले नव्हते. ते पोलीस ठाण्यातून थेट आले. अर्ध्या तासाने मी पानाचे प्रूफ पाहिले, तर नाव आणि कारखाना परत आलेले. बातमीच्या मूळ कागदावर मी खोडलेल्या शब्दांखाली त्यांनी लाल ठिपक्यांची ओळ दिली होती. छापखान्यात तिचा अर्थ 'हे राहू द्या' असा होतो. ती खूण करण्याचा अधिकार फक्त उपसंपादकाचा. प्रूफ तपासणाऱ्याने मजकुरात ढवळाढवळ करायची नाही, हा नियम त्यांनीच कित्येक नवख्यांच्या डोक्यात कानाखाली आवाज काढून बसवला होता.

मी प्रूफच्या खोलीत गेलो. "तुम्हाला हा अधिकार नाही, हवालदारसाहेब."

"नाही."

"मी नाव परत काढणार आहे."

ते उठले. माझ्याजवळ आले आणि दोन बोटांनी माझा चष्मा उचलला. काड्या मिटल्या. टेबलावर ठेवला. मला त्यांचा चेहरा धूसर दिसत होता. मी भिंतीला पाठ लावून थांबलो. हात उठला नाही.

"त्या पोराला चष्मा होता का रे?" त्यांनी विचारले.

"होता. वार्ताहराने लिहिलंय."

"आमच्या शमुवेलने तो काढला नाही." ते खुर्चीत बसले. "माझा पोरगा नसता तर तू नाव खोडलं असतंस?"

मी माझा चष्मा शोधला आणि बाहेर आलो. नाव छापून आले. मी ते पुन्हा काढले नाही, हेही नोंदवायला हवे. मंगळवारी कारखान्याने शमुवेलला काढले. पुढे दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. तुरुंगात भेटायला गेलेल्या आईला त्याने एकच विचारले, नाव कुणी छापले. रूथबाईंनी खरे ते सांगितले, मी ते खोडले होते हेही. त्यानंतर त्याने बापाची भेट नाकारली. हवालदार दर महिन्याला जात आणि दारावरून परत येत.

रविवारची उपासना त्यांनी सोडली. दहा वाजता ते त्या विद्यार्थ्याच्या घरी जात. पहिल्या रविवारी त्याच्या आईने दार लावून घेतले. दुसऱ्या रविवारी थोरल्या भावाने कॉलर धरून त्यांना पायऱ्यांवरून ढकलले. तिसऱ्या रविवारी विद्यार्थी स्वतः दारात आला. उरलेल्या डोळ्याला ताण नको म्हणून डॉक्टरांनी त्याचे वाचन बंद केले होते आणि परीक्षा तोंडावर होती. हवालदार कायद्याची जाडजूड पुस्तके त्याला वाचून दाखवू लागले, प्रूफच्या खोलीतल्या सवयीप्रमाणे विरामचिन्हांसकट. विद्यार्थी पहिल्या दिवशी म्हणाला, "साहेब, तेवढं स्वल्पविराम म्हणू नका." ते म्हणाले, "कायद्यात त्याच्यावरच माणसं फाशी जातात." दीड वर्षात त्यांचा एकही रविवार चुकला नाही. विद्यार्थी पास झाला.

शमुवेल पुढे मुंबईला गेला आणि तिथल्या हॉटेलांतून वाजवू लागला. हवालदारही आता नाहीत. त्यांच्या हातून मार खाल्लेली दोन माणसे त्यांना खांदा द्यायला होती. पण शमुवेल सुटला त्या दिवशीचे सांगायचे राहिले आहे. ते मी पाहिले तसे लिहितो.

त्याला आणायला मी गेलो होतो. सकाळी अकराच्या सुमारास आम्ही त्यांच्या घराच्या फाटकातून आत शिरलो. हवालदार अंगणात उभे होते, स्वच्छ सदरा घालून. रूथबाई दारात. शेजारचे लोक कुंपणाशी जमले होते. आता पट्टा निघणार, असेच सगळ्यांना वाटत होते.

"नाव तुम्हीच घातलंत?" शमुवेलने विचारले.

"मीच."

"या काकांनी खोडलं होतं तरी?"

"हो."

शमुवेलने त्यांच्या तोंडावर ठोसा मारला. ओठ फाटला. हवालदारांचे दोन्ही हात खालीच होते. मी पुढे झालो. माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "बंगळुरी, तू मधे पडू नकोस." दुसरा ठोसा गालफडावर बसला. ते एक पाऊल मागे गेले आणि पुन्हा होते तिथे येऊन उभे राहिले. रक्त हनुवटीवरून सदऱ्यावर उतरले. रूथबाई मोठ्याने प्रार्थना म्हणू लागल्या. पलटणीचा मुष्टियोद्धा होता हा माणूस. ते ठोसे अडवायला त्याला कोपर उचलण्यापलीकडे काही करावे लागले नसते. तिसरा ठोसा जबड्यावर बसला आणि ओरडला तो शमुवेल. उजवा हात पोटाशी धरून तो खाली वाकला.

हवालदार त्याच्यासमोर उकिडवे बसले. त्यांनी तो हात ओढून घेतला आणि बोटे एकेक करून उघडली. अंगठा सुजायला लागला होता.

"रूथ, गार पाणी आण," ते म्हणाले. फाटलेल्या ओठामुळे शब्द नीट फुटत नव्हते. मग त्यांनी मुलाची बोटे पुन्हा मिटली आणि अंगठा बाहेरून, बोटांवर, ठेवला. "असा ठेवायचा. आत घातलास तर मोडतो. मग गिटार कशी धरशील?"

शमुवेलने हात काढून घेतला नाही.