फायनल एक्झिट

आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. सौदीतल्या राबिघच्या एका दुसऱ्या फळीतल्या फुटबॉल क्लबाच्या ऑफिसात मी परदेशी खेळाडूंचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, शिवाय व्हिसा आणि घरं बघतो. फुटबॉल मला कळत नसे. जो काही कळला तो एका इंग्रज बचावपटूमुळे.

तो आमच्याकडे आला तेव्हा पस्तिशी उलटली होती. प्रॅक्टिसनंतर माझ्या ऑफिसात एसी चांगला म्हणून गुडघ्यावर बर्फ बांधून बसायचा आणि बोलायचा. बंद पडलेल्या गिरण्यांच्या गावात जन्मला, गावच्या क्लबातच पोरवयात खेळायला लागला. मोठ्या क्लबाने विकत घेतला आणि बाकावर बसवला. मग या क्लबाला उसना, त्या क्लबाला उसना, असं करत निम्मी कारकीर्द गेली. दोन मोसम तेवढे वरच्या फळीत मिळाले. बाप मात्र अजून दर शनिवारी गावच्या मैदानात त्याच कठड्यापाशी उभा राहून मॅच बघतो, हे तो पुन्हा पुन्हा सांगे. त्या कठड्यासमोर गावचा शर्ट घालून एक मोसम खेळायचं, मग बूट काढायचे. बाकी काही नको.

आणि खरंच गावच्या क्लबाचा फोन आला. ये म्हणाले, डॉक्टरने पास केलं की सही करू.

आमच्याकडे त्याचा करार अजून एक वर्षाचा होता. मी त्याला सरळ सांगितलं, एक्झिट-रीएंट्रीवर, म्हणजे परतीच्या व्हिसावर, सुट्टीला जा, तिकडे गुडघा दाखव, सही झाली की इथलं संपव. आखातात आलेल्या कोकणी माणसाला हे शिकवावं लागत नाही. आमच्याकडे कायमचे परत गेलेले लोक तीन-तीनदा कायमचे परत जातात.

तो ऐकेना. म्हणाला, "घरी जाताना परतीचा व्हिसा खिशात ठेवून जात नाहीत. बाप विचारेल, कायमचा आलास का? काय सांगू त्याला?"

मी करार रद्द करायचे कागद केले. फायनल एक्झिट लागलं, म्हणजे इथला इकामा कायमचा संपला. निघताना त्याने जुने बूट ड्रेसिंग रूममधल्या खुंटीवरच ठेवले, कुणाला तरी द्या म्हणाला.

खेळाडूंचे कपडे-बूट सांभाळणारे चाचा रत्नागिरीकडचे, माझे खोलीसोबती. त्यांनी बूट कुणालाही दिले नाहीत. आमच्या खोल्यांमध्ये रीतच आहे, फायनल मारून गेलेल्याची गादी लगेच टाकत नाहीत. काही महिने गुंडाळून कपाटावर ठेवतात. चाचा म्हणाले, "येल तो. सगले येतात."

मी हसलो. चाचा, तो गोरा आहे, म्हणालो, त्याला परत यायची काय गरज?

गावच्या क्लबाने त्याचं स्वागत जोरात केलं. गळ्यात क्लबाचा मफलर, मागे रिकामं मैदान, असा फोटो मी फोनवर बघितला. सहीची बातमी काही येईना.

मग एक दिवस त्याचाच फोन आला. आधी हवा विचारली, चाचांना विचारलं. मग कळलं, डॉक्टरने गुडघ्याचा स्कॅन बघून मान हलवली होती. क्लबाने दुसरं काम दिलं. मॅचच्या दिवशी टाय लावायचा आणि काचेमागे बसलेल्या पाहुण्यांशी हात मिळवायचे. काचेतून समोरचा कठडा दिसतो, म्हणाला. बाप मॅच बघत नाही, वर काचेकडे बघत राहतो.



"माझी जागा आहे का रे अजून?" त्याने विचारलं. "अर्धा मोसम चालेल. उसना म्हणूनही चालेल."

परदेशी खेळाडूंच्या जागा ठरलेल्या असतात. त्याच्या जागी एक तरुण आला होता, त्याचा इकामा मीच केला होता.

"भरली," मी म्हणालो.

तो बरं म्हणाला आणि फोन ठेवला.

मी चाचांना जाऊन सांगितलं. त्यांनी खुंटीवरचे बूट काढले, कचऱ्याच्या काळ्या पिशवीत टाकले आणि पिशवीला गाठ मारली.

त्या वर्षी मीही कायमचा जाणार होतो. बायकोला तसं सांगून झालं होतं. गावात घर बांधून तयार होतं, दारावर नाव आणि नावापुढे पदवी. पण त्या आठवड्यात मी स्वतःचे कागद केले ते रीएंट्रीचे. बायकोने फोनवर, "या खेपेला तरी कायमचे येताय ना?" असं विचारलं, तेव्हा बघू म्हणालो.

बॅग भरत होतो तेव्हा चाचा दारात उभे होते.

"गादी गुंडालू तुजी?"

"नको," मी म्हणालो. "राहू दे तशीच."