खाऱ्या लाकडाची तुळई

झेली नाद्रो ही आमच्या गावातील खाडीतले शिंपले, म्हणजे कालवे, निवडणाऱ्या बायकांपैकी एक होती. तिने आयुष्यात नाव घेण्यासारखे काही केले नाही, असे गावातील माणसे म्हणतील. तिने एक चूक केली. ती चूक सेद्र नदीच्या खाडीकाठी राहणाऱ्या आमच्यापैकी कोणीही केली असती. म्हणून ती जशी घडली तशीच मी लिहीत आहे, आणि त्यात माझ्या पदरचे काही घालणार नाही.

निवडण्याच्या टेबलाशी झेली आणि मी समोरासमोर उभ्या राहत असू. हिवाळ्यात पाणी इतके थंड असे की बोट कापले तरी घरी गेल्यावर कळे. तिचा नवरा एमे फुप्फुसाच्या आजाराने लवकर गेला. सोलांज ही त्यांची एकुलती मुलगी. झेलीने तिला कालवांच्या कामावर कधी पाठवले नाही. "एका घरात एकीचेच हात फाटले म्हणजे पुरे," असे ती म्हणत असे.

एमेच्या आजोबांची एक बोट होती. ती मोडीत निघाली तेव्हा तिच्या तळाचे मुख्य लाकूड त्यांनी घरातील भिंतीतल्या चुलीच्या तोंडावर आडवी तुळई म्हणून बसवले. आमच्या भागात रीत अशी आहे की मुलाने किंवा मुलीने नवे घर बांधले की आईबापांच्या चुलीवरची तुळई काढून त्या घरी न्यायची आणि जुन्या घरात तिच्या जागी दुसरे लाकूड घालायचे. तुळई आली नाही तर नव्या घराला लोक घर म्हणत नाहीत, बिऱ्हाड म्हणतात. एमे अंथरुणावर असताना झेलीला एवढेच म्हणाला होता की सोलांजच्या घरी ही तुळई गेली पाहिजे.

आणखी एक गोष्ट आमच्याकडे सर्वजण खरी मानत आले आहेत. ज्या लाकडाने वर्षानुवर्षे खारे पाणी प्यायले आहे त्याला वाळवी शिवत नाही, असे आम्ही समजतो. म्हणून कालवांच्या शेतीतून काढलेले जुने खुंट आम्ही घराच्या मागच्या भिंतीला लावून रचतो आणि हिवाळ्यात जाळतो. झेलीच्या घरामागेही खुंटांची तशीच रास होती, आणि तिच्यावर छपराची फुटकी पन्हळ गळत असे. लाकूड मातीला टेकलेले, भिंतीला चिकटलेले आणि सदा ओले. वाळवीला याहून अधिक काही लागत नाही, हे मला आता ठाऊक आहे.

सोलांज आणि तिचा नवरा फाब्रिस यांच्या घराच्या भिंती उभ्या राहिल्या त्या वसंतात मी झेलीकडे कॉफी प्यायला गेले होते. खिडकीच्या कट्ट्यावर पंखांचा थर पडला होता. झेली तो तळहाताच्या कडेने एप्रनमध्ये लोटत होती.

"हे कसले पंख?" मी विचारले.

"मुंग्यांचे. हवा दमट आहे ना."

"मुंगीचे पुढचे पंख लांब असतात, मागचे आखूड. हे चारही सारखे आहेत. आणि ती बघ एक मेलेली. मुंगीला कंबर असते, हिला कुठे आहे?"

"तुझ्या कमरेचं बघ आधी, मग हिच्याकडे वळ."

मी हसले नाही आणि तीही हसली नाही. ती उठली आणि दाराच्या चौकटीपाशी भिंतीचा कागद सुटला होता तो तिने वर उचलला. त्याखाली पेन्सिलीएवढ्या जाडीची मातीची नळी जमिनीपासून वर गेली होती. तिने कालवे उघडण्याची सुरी चौकटीत खुपसली. बाहेरून चौकट धड होती, रंगही चकचकीत होता. सुरी मात्र पावात जावी तशी मुठीपर्यंत आत गेली.

"त्या आल्यात," झेली म्हणाली. आमच्या गावात वाळवीचे नाव घेत नाहीत, 'त्या' म्हणतात. ज्याच्या घरी त्या येतात त्याच्याकडे लोक रोगी माणसाकडे पाहावे तसे पाहतात.

"गावच्या कचेरीत कळवावं लागेल," मी म्हणाले.

"कळवीन. पण आधी तुळई बाहेर काढते. एकदा कळवलं की घरातलं एक लाकूड बाहेर जाऊ देत नाहीत. अंगणातच जाळायला लावतात."

"आणि तुळईत असल्या तर?"

"ती बोटीची आहे. साठ वर्षं समुद्रात होती. बाकी सगळं घर खाऊ देत, तिला त्या तोंड लावणार नाहीत." तिने तुळईवर मूठ आपटली. आवाज भरीव आला.

त्या तुळईवर दर काही वर्षांनी बोटीचा उरलेला रंग चढत आला होता. आमच्याकडे तो रंग कोणी वाया घालवत नाही. खिडक्यांना लावतात, झोपड्यांना लावतात, उरला तर चुलीवरही फासतात. पुठ्ठ्याएवढ्या जाड रंगाखालचे लाकूड कसे आहे हे मुठीला कळत नाही. शिवाय तुळईची दोन्ही टोके भिंतीत असतात, आणि तेथे मूठ पोहोचत नाही.

पुढच्या शनिवारी फाब्रिस ट्रॅक्टर घेऊन आला. तुळई निघाली तेव्हा तिच्या एका टोकाच्या भेगांत करडी माती भरलेली दिसली.

"सासूबाई, हे काय आहे?"

"चुना. भिंतीतला."

"चुना एवढा ओला असतो?"

"तू बांधकाम शिकलास की वकिली? तेवढं टोक काप. तुमची चूल तशीही अरुंद आहे."

त्याने हातभर टोक कापले. आतले लाकूड तांबूस आणि घट्ट दिसले. त्याचे समाधान झाले. झेली त्याला फसवत होती असे मला वाटत नाही. तिला तो चुनाच दिसत होता. तुळई नव्या भिंतीत ओल्या चुन्यात बसली. सोलांजने तिच्याखाली उभे राहून आईला मिठी मारली आणि तिच्या खांद्यावरून म्हणाली, "बाबा असते तर आता मोजमाप चुकलं म्हणून भांडले असते."

सोमवारी झेली कचेरीत गेली आणि तिने स्वतःच्या घराची खबर दिली. काही दिवसांनी औषधवाला आला. मध्यम वयाचा, सावकाश बोलणारा माणूस होता. त्याने भिंतींच्या पायथ्याशी भोके पाडून औषध भरले आणि घराभोवती जमिनीत आमिषाच्या डब्या पुरल्या. नळ्या फोडून वर फवारा मारू नका, वाळवी नुसती दुसऱ्या वाटेने येईल, असे त्याने बजावले. तिने डबीतले खाऊन वारुळात न्यावे म्हणून थांबावे लागते, आणि त्याला एक ऋतू लागतो, कधी दोन. मागची खुंटांची रास त्याने अंगणात जाळायला लावली आणि पन्हळ दुरुस्त करायला सांगितली. मग तो चुलीपाशी थांबला.

"इथली तुळई कुठं गेली, काकू?"

"जाळली."

"बरं केलंत. टोकं भिंतीत असतात ना, ओल तिथंच धरते. पुष्कळ घरांत सुरुवात तुळईपासूनच होते."

"बोटीचं लाकूड होतं ते."

"खारं म्हणून सोडत नाहीत हो त्या. पावसाने आणि चुलीच्या उबेने मीठ कधीच निघून जातं. आत थोडं राहतं, पण तेवढ्याने त्यांचं काही बिघडत नाही. आणि तुकडा लहान असला तरी, ओलसर असला की त्यातच त्यांचा संसार चालतो. राणी मागे राहिली म्हणून थांबत नाहीत, दुसरी तयार करतात."

मी तेथेच बसले होते. झेली उठली. तिने त्याला आणखी एक कप कॉफी दिली. तो गेल्यावर मी म्हणाले, "झेली, सोलांजला सांग."

"काय सांगू? तिला सहावा महिना आहे. भिंत फोड म्हणून सांगू?"

"हो. आत्ता एकच भिंत आहे."

"टोक कापलं होतं. आत घट्ट होतं. तू पाहिलंस."

मी पाहिले होते हे खरे. मी पुन्हा दोनदा तिला बोलले. दुसऱ्या खेपेला तिने माझ्याशी बोलणे बंद केले, आणि पुढचे दोन्ही हिवाळे आम्ही टेबलाशी समोरासमोर उभ्या राहून मुक्याने कालवे निवडली.

नात झाली. तिचे नाव मायलिस ठेवले. झेली दर रविवारी तिकडे जाई. जेवण होण्याआधी तुळईवरून हात फिरवी, बोटाच्या पेराने ठोकी, कान लावी. सोलांज हसे. "आई, डॉक्टरांसारखं काय तपासतेस? सर्दी झाली का तिला?" झेली म्हणे, "तुझ्या बापाची आहे, म्हणून." हे मला सोलांजनेच पुढे सांगितले, आणि सांगताना तिचा चेहरा दगडासारखा होता.

मायलिस धावू लागली त्या दुसऱ्या वसंतात तुळईच्या खाली कोपऱ्यात, घड्याळामागे, मातीची एक नळी दिसली. झेलीने ती नखाने मोडली आणि घड्याळ पुन्हा लावले. वाळवी जिवंत आहे की जुनी, हे ओळखण्याची तीच रीत आहे. नळी मोडावी आणि वाट पाहावी. पुढच्या रविवारी नळी पुन्हा जोडलेली होती, आणि तिची माती ओली होती.

त्या दिवशी तिने जेवणाच्या टेबलावर सर्व सांगितले. औषधवाला काय म्हणाला तेही सांगितले.

सोलांजने एकच प्रश्न विचारला. "म्हणजे मायलिस व्हायच्या आधीपासून तुला माहीत होतं?"

"हो."

फाब्रिसने उठून लहानग्या मुलीच्या खोलीतील जमिनीची फळी उचकटली. तिच्याखालचा वासा हातात भुगा होऊन आला. पोरीचा पाळणा त्यावरच होता.

फाब्रिस वाईट माणूस नव्हता. घाबरलेला होता. ते घर त्याने सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हाताने बांधले होते. दुसऱ्या आठवड्यात त्याने ठरवले की फळ्या बदलायच्या, भिंतीला नवा कागद लावायचा, रंग मारायचा आणि घर विकून टाकायचे. पॅरिसचे एक निवृत्त जोडपे खाडीकाठी घर शोधतच होते.

"सासूबाई, तुम्ही आता गप्प राहा. तेवढं तुम्हाला चांगलं जमतं."

"ते लोक म्हातारे आहेत, फाब्रिस."

"तुम्ही पण म्हाताऱ्याच आहात. तुम्हाला आमची दया आली होती?"

"आई," सोलांज म्हणाली, "हे एक तरी आमच्यासाठी कर. कचेरीची पायरी चढू नकोस."

झेली त्या दिवशी घरी न जाता माझ्याकडे आली. इतक्या महिन्यांनी प्रथमच ती माझ्या दारात उभी होती. तिने मला काही विचारले नाही. कोट न काढता बसून राहिली. मग म्हणाली, "मी एकदा कळवण्याआधी लाकूड बाहेर काढलं. आता ती पोरं घरच बाहेर काढतायत. माझ्याकडूनच शिकली." मी तिला सूप दिले. ते तिने प्यायले नाही. सकाळी ती कचेरीत गेली आणि तिने मुलीच्या घराची खबर दिली.

खबर कळल्यावर पॅरिसचे जोडपे फिरकले नाही. औषधवाला आला, तोच. तुळई पाहून त्याने झेलीकडे पाहिले. तुळई काढून अंगणात जाळायची होती. फाब्रिसने तिचे तुकडे केले तेव्हा आतून ती पुस्तकाच्या पानांसारखी झाली होती, रंगाचे कवच तेवढे शाबूत होते. झेलीने काडी आपल्या हाताने लावली. ज्योत कडेने निळीहिरवी निघाली. आत शेवटपर्यंत मीठ होते.

औषधाचे काम दोन ऋतू चालणार होते आणि निम्मी जमीन उखडली होती. लहान मूल घेऊन तेथे राहणे शक्य नव्हते. फाब्रिसने लिमोजला नोकरी धरली. घराला कुलूप लागले. ते निघाले त्या दिवशी गाडी झेलीच्या दारावरून जाणार होती, कारण रस्ताच तसा आहे. सोलांजने गाडी थांबवली, पण ती खाली उतरली नाही. झेलीच्या घरी तिच्या स्वतःच्या लग्नातील चादरींची लाकडी पेटी होती, जाड तागाच्या, कोपऱ्यात अक्षरे भरलेल्या. ती पेटी झेली उंबऱ्यापर्यंत ओढत घेऊन आली.

"तुझ्या घरातलं लाकूड नको, आई."

"पेटी नको घेऊस. चादरी घे. तिकडे थंडी असते."

इंजिन चालूच होते. झेलीने एकेक चादर काढून रस्त्यावर उन्हात धरली, झटकली, उलटी केली, शिवणीवरून बोट फिरवले, कापडाला नाक लावून ओल हुंगली. वाळवी कापडही खाते. मी दुसरे टोक धरायला गेले. आम्ही दोघी एकही शब्द न बोलता ते करत होतो, टेबलाशी कालवे निवडताना करायचो तसे. फाब्रिसने एकदा घड्याळ पाहिले. मागच्या सीटवर मायलिस झोपली होती.

सर्व चादरी तपासून झाल्या तेव्हा सोलांजने काच खाली घेतली आणि हात बाहेर काढला. तिने वरच्या दोन घेतल्या, पोरीच्या पलंगापुरत्या. बाकीच्या झेलीच्या हातांवर राहिल्या. गाडी वळणाआड गेल्यावरही ती तशीच उभी होती. शेवटी मीच त्या तिच्या हातातून घेतल्या आणि घडी घातली.