उपरण्याखाली झालेला सौदा

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण सावद्याजवळच्या त्या केळीबागेची गोष्ट निघाली की माझा आजही गोंधळ उडतो.

सकाळची हजेरी चालू असताना खबर आली, चोरीची केळी भरून एक ट्रक बोदवडकडे निघालाय. ट्रक अडवून ठाण्यात आणला. सोबत सावद्याचे एक जुने व्यापारी होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. पाठोपाठ बागमालकाचा मुलगा फिर्याद द्यायला हजर.

चाचा म्हणाले, "साहेब, चोरी कैसी? नानांशी सौदा झालाय, उपरण्याखाली."

नाना म्हणजे मुलाचे वडील. आमच्याकडचे जुने लोक चारचौघांत भाव बोलत नाहीत. उपरण्याखाली हात घालून बोटं दाबतात, झाला सौदा. कागद नाही, साक्षीदार नाही.

नानांना बोलावलं. "हो, मीच देला बाग," ते ठणकावून म्हणाले. सुटलो बुवा, असं मला वाटलं. चहा येईपर्यंत त्यांनीच मला विचारलं, "भाऊ, माहा बाग कोनं कापला?"

मुलगा म्हणाला, "पाहा साहेब. नानाले काई आठवत नाई. यानं फसवलं त्याईले."

सरकारी वकिलांना फोन केला. ते म्हणाले, तोंडी करारही चालतो, पण करताना माणूस भानावर हवा. ज्याचं भान येतं-जातं, त्यानं भानावर असताना केलेला करारही खरा. आता त्या क्षणी नाना कुठे होते, हे मी कुठल्या पंचनाम्यात शोधणार? डोकं अगदी भणाणून गेलं. इकडे चाचांची अटक माझ्या एका शब्दावर अडलेली.

तरी पंचनाम्याला गेलो. बाग कापलेली, पण विहिरीकडची एक ओळ तशीच उभी, तीही सगळ्यात भरलेल्या घडांची. चोर ती सोडेल? चाचांना खोदून विचारलं.

"नानांची अट होती," ते म्हणाले. "ती ओळ लेकीच्या सासरी जाते."

मुलानंच मग सांगितलं, दरवर्षी तीच ओळ बहिणीकडे जायची आणि हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे नाना भानावर होते? की सवयीनं तोंडातून गेलं? मला काही केल्या ठरवता येईना.

शेवटी ठाण्यात परतून मुलाला म्हटलं, "फसवणूक म्हणायची तर लिहून द्यावं लागेल." हवालदारानं जबाब वाचून दाखवला, 'माझ्या वडिलांची बुद्धी ठिकाणावर नसून...'

बाकावर बसलेले नाना ऐकत होते. ते मुलाकडे वळून हळूच म्हणाले, "कर बाप्पा सही. तू खोटं नाई बोलनार."

मुलानं पेन खाली ठेवलं. बाहेर जाऊन चाचांना म्हणाला, "चाचा, ट्रक न्या तुमचा."

मला वाईट वाटलं आणि हायसंही वाटलं. इतकी वर्षं मी समजत होतो की फिर्यादीला खरं काय ते हवं असतं. नाना त्या वेळी भानावर होते का, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मुलाला ते कळून घ्यायचं नव्हतं, एवढं मात्र कळलं.