सारंग पुरा होईपर्यंत

आमच्या खालच्या मजल्यावरच्या मास्तरांनी आयुष्यात एकही गोष्ट अर्धी सोडली नाही, आणि त्यांचं जे काही नुकसान झालं ते सगळं या एकाच सद्गुणामुळे झालं. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, बँडमास्तर. त्यांच्या तीन पिढ्या मंडईमागच्या गल्लीत राहून पुण्यातल्या लग्नांत पितळी बँड वाजवत आल्या. वाजवणं थांबल्यावर मास्तर आणि त्यांची बायको, सगळ्यांच्या चाची, कोथरूडला आमच्या सोसायटीत राहायला आले. बँडचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर जुने पुणेकर लेख बाजूला ठेवून हसायला लागतील, आणि मग मी कशाला लिहितोय?

मास्तरांची क्लॅरिनेट आता कपाटात असते, पण मास्तर अजून बँडमध्येच असतात. दूध आणायला निघाले तरी डावा पाय आधी. बँकेच्या रांगेत उभे राहिले की जागच्या जागी पावलं टाकतात, आणि एकदा तर पाच मिनिटांत त्यांच्या पुढची-मागची सगळी रांग डुलायला लागलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. कॅशियरला वाटलं भूकंप आला. आमचा कुकर वाजला की खालून आवाज येतो, "वहिनी, आज शिट्टी उतरलीय, डाळ कच्ची राहणार." आणि राहते. शेजारच्या निवृत्त प्राध्यापकांच्या जुन्या गाडीला मागे घेताना वाजणारी एक धून होती. प्राध्यापक गाडी लावून झाली की थांबणार, धून मात्र ओळीच्या मध्यावर तुटणार. मास्तर हे आठवडाभर सहन करत होते. शेवटी खाली उतरून म्हणाले, "सर, आणखी चार फूट मागे घ्या, ओळ पुरी होऊ द्या." सरही भले गृहस्थ. त्यांनी घेतली. ओळ पुरी झाली आणि सोसायटीची भिंत पाडून नवी बांधावी लागली. मास्तर म्हणाले, "भिंत काय, पुन्हा बांधता येते."

मला संगीतातलं काही कळत नाही हे इथेच सांगून टाकतो. आमची ही म्हणते, "तुम्ही टाळ्या वाजवता त्यासुद्धा बेताल असतात." त्यामुळेच बहुधा मास्तरांचं आणि माझं जमलं. जाणकार माणूस मध्ये बोलतो. मी नुसता मान हलवतो, तीही चुकीच्या जागी.

तर मास्तरांचं नाव ज्यात गेलं ते लग्न. नवरदेवाला मारुतीच्या देवळातून कार्यालयात आणायचं होतं. अंतर जेमतेम तीनशे पावलं, मुहूर्त साडेबाराच्या सुमाराचा. भर दुपारी मास्तर सारंग राग सोडून दुसरं काही वाजवत नसत. वरमाईनं सिनेमातलं गाणं मागितलं तेव्हा त्यांनी तिला, "ते संध्याकाळी," असं सांगून गप्प केलं होतं. सारंग असा काही रंगला की मास्तरांनी डोळे मिटले. कार्यालयाचं दार आलं. सुपारीची तबकं घेऊन माणसं पुढे झाली. पण गत, म्हणजे ती धून, पुरी व्हायला अजून अवकाश होता, म्हणून मास्तर चालत राहिले. मास्तर चालले म्हणून अकरा जणांचा बँड चालला, बँडमागे घोडा चालला, कारण घोड्याला बँडमागे चालायचंच शिकवलेलं. घोड्यावर नवरदेव. वऱ्हाडाला वाटलं, यांचं एखादं कुलदैवत पुढे असेल. सगळ्यांनी मंडईला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली. भाजीवाल्यांनी तराजू खाली ठेवले आणि म्हणे वाहवा केली. इकडे कार्यालयात अंतरपाटाच्या एका बाजूला मुलगी आणि दुसऱ्या बाजूला रिकामा पाट. सारंग समेवर आला, मास्तरांनी डोळे उघडले, तेव्हा मुहूर्त टळून अकरा मिनिटं झाली होती.

लग्न दुपारच्या दुसऱ्या मुहूर्तावर लागलं. त्या जोडप्याचं पुढे सगळं छान झालं, मुलंबाळं झाली. पण पुण्यात मुहूर्त चुकवणं म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. खून केलेला माणूस चांगल्या वागणुकीवर सुटून येतो, लोक त्याला चहालाही बोलावतात. मुहूर्त चुकवणाऱ्याला माफी नाही. "मुहूर्तवाला बँड" हे नाव पडलं ते पडलंच. कुणाला उशीर झाला की लोक विचारायचे, "का हो, त्या बँडबरोबर आलात काय?" आधीच्या तीस वर्षांतली शेकडो लग्नं वेळेवर लागली होती, त्यांचा उल्लेख कुणी करत नसे.

त्यावर उपाय म्हणून मास्तरांनी अल्बम काढायचं ठरवलं. बँडच्या सगळ्या चांगल्या चिजा एका कॅसेटमध्ये घालायच्या, म्हणजे शहराला कळेल आपण कोण आहोत ते. स्टुडिओ ठरला, तारीख ठरली, अकराच्या अकरा जण इस्त्रीचे लाल कोट घालून गेले. आणि तिथे असं लक्षात आलं की या मंडळींना उभ्यानं वाजवता येत नाही. जन्मभर चालत वाजवलेलं. माइकसमोर उभे राहिले की फुंक पोटातच अडायची. मग ते जागच्या जागी चालू लागले आणि टेपवर क्लॅरिनेटपेक्षा बुटांचाच आवाज मोठा आला. बूट काढले. गोधड्या अंथरल्या. खुर्च्यांवर बसवून पाहिलं, तर बसल्या बसल्या बावीस पाय आपटू लागले. रेकॉर्डिंगवाला कंटाळून म्हणाला, "मास्तर, हे गाणं आहे की कवायत?"

"बँड आहे," मास्तर म्हणाले, आणि तशीच दहा गाणी पुरी केली.

ती टेप चाचींच्या जुन्या साडीत गुंडाळून कपाटात गेली ती तीस वर्षं. कुणी विचारलं की मास्तर म्हणायचे, "पावलं ऐकू येतात हो. थोडं काम बाकी आहे." कॅसेटी गेल्या, सीडी आल्या. सीडीही गेल्या आणि कबुतरं हाकलायला बाल्कनीत टांगल्या गेल्या. काम बाकीच. लोकांना टोमणा आयता मिळाला: "मुहूर्त मिळत नसेल." एकेक करून बँडमधली माणसंही गेली. मागे राहिले दोघे, मास्तर आणि लोणी काळभोरचे आबा. आबांचा मोठा ढोल.

गेल्या महिन्यात आबांच्या मुलाचा फोन आला. मी तेव्हा मास्तरांकडेच चहा पीत होतो आणि मास्तर फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे मीही ऐकलं. "मास्तर, आबांचं काय खरं न्हाय आता. सारखं त्या टेपचं नाव घेत्यात. एकदा कानावं पडू द्या म्हणत्यात." मास्तर उठले, कपाट उघडलं आणि साडीतलं ते गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं.

खरं सांगतो, त्या क्षणापासून माझी झोप उडाली. ऑफिसात मी आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या कागदांवर "पाहिले" असं लिहीत आलो. इथे एका अख्ख्या बँडची अब्रू माझ्या मांडीवर होती. मी घरी येऊन हिला सांगितलं, "मी अल्बम काढतोय." ती म्हणाली, "आधी गच्चीवरचे कपडे काढा, मग अल्बम काढा."

सदाशिव पेठेत जुन्या टेपा संगणकावर उतरवून देणारा एक गृहस्थ सापडला. मी त्याला विचारलं, "उद्या मिळेल का?"

त्यानं टेप उलटसुलट करून पाहिली. "तीस वर्षं थांबलात ना? मग उद्या कशाला हवंय?"

तरी त्यानं चारच दिवसांत आम्हाला बोलावलं. टेप उत्तम राहिली होती. तो म्हणाला, "ते पायांचे आवाज आहेत ना, ते काढून टाकतो. दहा मिनिटांचं काम आहे." मी आनंदानं मास्तरांकडे पाहिलं, तर त्यांचा चेहरा उतरलेला. म्हणाले, "जरा चहा घेऊन येऊ."

बाहेर अमृततुल्यात त्यांनी चहा बशीत ओतला आणि तसाच ठेवला. "भाऊसाहेब, पायांचं निमित्त होतं. मी ती टेप एकदाही ऐकलेली नाही."

"एकदाही?"

"लोक म्हणतात मुहूर्त चुकवला. मी म्हणतो, हो, पण वाजवत काय होतो ते बघा. आता समजा टेप लावली आणि ते साधंच निघालं तर? मग नुसता मुहूर्त चुकवला एवढंच उरतं." त्यांनी बशी बाजूला सारली. "मी डोळे मिटले होते. आबाचे उघडे होते. त्यानं दार पाहिलं होतं. ढोल थांबला असता तर सगळेच थांबले असते. मी वाजवतोय म्हणून तो थांबला नाही. आणि त्याच्या मुलीच्या लग्नात व्याह्यांनी दुसरा बँड आणला. उशीर नको म्हणून. आबानं कोपऱ्यात बसून जेवून घेतलं."

मी चहावाल्याला आणखी दोन सांगितले. ते आल्यावर मास्तर म्हणाले, "आहे तसं राहू द्या. पायांसकट. पण मी ऐकणार ते आबाशेजारी बसून."

एका रविवारी सकाळी अल्बम इंटरनेटवर प्रसिद्ध करायचा आणि त्याच वेळी सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्यांना ऐकवायचा, असं मी जाहीर केलं. वेळ साडेदहा. सोसायटीच्या ग्रुपवर पहिलं उत्तर आलं, "साडेदहा म्हणजे नक्की किती?" दुसरं आलं, "घोडा आहे का?" मी तीन दिवस जेवलो नाही असं म्हणणार होतो, पण ही हा लेख वाचणार आहे, म्हणून खरं सांगतो: नीट जेवलो, पण चव लागली नाही. मास्तर साडेनऊलाच लाल कोट घालून हॉलच्या दारात हजर. चाचींनी दोनदा त्यांचं घड्याळ माझ्या घड्याळाशी लावून घेतलं. साडेदहाला मास्तरांनी बटण दाबलं. सेकंद न चुकता. आणि पहिला सूर लागायच्या आत ते हॉलबाहेर पडले. आत चाळीस मिनिटं बँड वाजत होता आणि बाहेर मास्तर इमारतीला फेऱ्या घालत होते; खिडकीतून दर तीन मिनिटांनी एक लाल कोट सरकताना दिसे.

आतलं काय सांगू? मला सूर कळत नाहीत, पण पावलं कळली. बावीस पावलं आपल्या दिशेनं चालत येतात, समोरून जातात, आणि आपण खुर्चीत असून त्यांच्यामागे निघालेलो असतो. सारंग लागला तेव्हा गाडीवाल्या प्राध्यापकांनी जागच्या जागी पाय आपटायला सुरुवात केली. संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी घाबरलो. आमचे सोसायटीचे सेक्रेटरी, ज्यांनी आजवर सोसायटीच्या हिशेबालासुद्धा कधी बरं म्हटलेलं नाही, ते उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "असं वाजत असेल तर मीही कार्यालयाशी थांबलो नसतो."

मी पायऱ्यांवरून जवळजवळ उडत बाहेर गेलो आणि मास्तरांना ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ते चालायचे थांबले नाहीत. "पुणेकर तोंडावर चांगलं बोलला की मला जास्त भीती वाटते. गाडी मागवा."

हडपसर मागे पडलं तरी मी फोनवरचे आकडे मोठ्यानं वाचत होतो. एकशे चार जणांनी ऐकलं होतं. त्यातले किमान वीस मीच होतो, पण ते बोललो नाही. कुणीतरी खाली लिहिलं होतं, "हाच का तो मुहूर्तवाला बँड? आमच्या आजोबांनी सांगितलं होतं. पण ते असं वाजवायचे हे नाही सांगितलं." मी ते दोनदा वाचून दाखवलं. मास्तर खिडकीबाहेर उसाकडे बघत होते.

आबा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. ढोल उचलणारे ते खांदे आता सदऱ्यात सापडत नव्हते. मास्तर त्यांच्या शेजारी खाटेवर बसले, कोटाची बटणं लावलेलीच. दोघांमध्ये मी फोन ठेवला आणि सुरू केलं. पहिल्या गाण्याला दोघंही जमिनीकडे बघत होते, मुलाचा निकाल ऐकायला आलेल्या बापांसारखे. तिसऱ्याला आबांची बोटं पांघरुणावर पडू लागली. सारंग आला. मास्तरांनी या वेळी डोळे मिटले नाहीत. ते सबंध वेळ आबांकडे बघत होते. गत वाढत गेली, ढोल तिच्यामागून असा आला की खोलीतली भांडी वाजल्यासारखी वाटली, आणि समेवर सगळं एका जागी येऊन थांबलं.

आबांनी मान वर केली. "मास्तर, ह्ये आपुनच हाय का?"

"आपणच."

आबा अगदी हळू म्हणाले, "मंग आपुन बरं वाजवत हुतो की."

मास्तरांनी नुसती माझ्याकडे पाहून बोटानं खूण केली: पुन्हा पहिल्यापासून. मी लावलं, आवाज थोडा वाढवला, आणि बाहेर ओसरीवर जाऊन बसलो. आत अकरा माणसं चालत होती, तिथे माझं काही काम नव्हतं.