शेवटचं प्रकरण कापणारे मामा

कादंबरीवर शस्त्रक्रिया करणारा माणूस सबंध इंग्लंडात एकच झाला असेल, आणि तो नेमका माझ्या नवऱ्याचा मामा निघाला. मामा ब्रिस्टलला तीस वर्षं सर्जन होते. निवृत्तीनंतर हात शिवशिवायचे, म्हणून दर शनिवारी जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमधून व्हिक्टोरिया राणीच्या काळातली एखादी जाडजूड कादंबरी आणायची, किचनच्या टेबलावर पांढरं फडकं अंथरायचं आणि स्काल्पेलने तिचं शेवटचं प्रकरण अलगद कापून काढायचं, असा त्यांचा परिपाठ होता. "अगं, चारशे पानं हा लेखक रेशमी पडदे, अत्तरं, देखणी पापं काय सुरेख रंगवतो! आणि शेवटी एकदम त्याच्या अंगात पाद्री संचारतो. लगेच पाप्याला न्युमोनिया! आर्टचा आणि मोरॅलिटीचा संबंध काय?" असं म्हणत ते पुस्तकाला टाके घालायचे. टाके इतके सफाईदार असत की त्यांच्याकडून आणलेली कादंबरी संपली की मध्येच तुटली, हे आम्हाला कधी कळलं नाही.

स्वतःच्या बाबतीत मात्र हा कलावादी गृहस्थ भलताच सोवळा. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल सिग्नलला उभा. एकदा रिसायकलिंगच्या पेटीत चुकून दह्याचा डबा गेला, तर कौन्सिलला माफीचं पत्र! "ह्यांना पाप फक्त छापील चालतं," मामी म्हणायच्या.

मामींचा कॅन्सर उलटला तेव्हा मामा दुपारी त्यांना वाचून दाखवू लागले. चित्रकाराबरोबर पळून गेलेल्या एका बाईची गोष्ट होती. मामींचा तिच्यावर जीव जडला. आणि एके दिवशी पानं संपली.

"अहो, ती घरी परत गेली की नाही?"

"ते कापलंय गं. मी ती प्रकरणं वाचतच नाही."

"मग शोधून आणा. मला आता फार वेळ नाहीये."

मामांनी तीन दिवस गावातली सगळी चॅरिटी शॉप्स पालथी घातली. शेवटी मीच युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीतून प्रत आणली. बसमध्ये मी शेवट वाचून काढला होता. बाई बर्फातून घरी येते, नवरा दार उघडत नाही, ती पायरीवरच मरते.

मामा वाचता वाचता गोष्टीतल्या त्या बंद दारापाशी आले आणि थांबले. चष्मा पुसला. मग पुस्तकातल्या नवऱ्याने दार उघडलं, "आत ये, गारठलीस," म्हणाला, चहा ठेवला. जे छापलंच नव्हतं ते मामा वाचत होते आणि वेळच्या वेळी पानंही उलटत होते. मी खिडकीबाहेर बघत बसले, कारण मला रडू आवरत नव्हतं.

"बरं झालं बाई," मामी म्हणाल्या. "आणि हे तुम्ही कापून टाकत होतात!"

महिन्याभरात त्या गेल्या. पुस्तक परत न्यायला मी गेले, तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "मामा, त्या दिवशी तुम्ही फार सुंदर वाचलंत."

"सुंदर कसलं गं," मामा म्हणाले. "वाक्यं अगदी भिकार होती. पण ती हसली."