आमच्या घरी रोज अष्टमी

आबांना मी पौर्णिमा सांगितली, हा माझा गुन्हा. पंचांगात पौर्णिमाच होती, हा माझा बचाव. वहिनीनं तो ऐकूनसुद्धा घेतला नाही.

आबा म्हणजे माझे वडील, बुरोंडीचे धाकू तांडेल. तीस वर्षं तांडेलकी केली, शिडाचा मचवा हाकला. कौलं, मीठ, जळाऊ लाकडं भरून मुंबई गाठली. सत्तरी उलटली आणि स्मरण गेलं. जेवण झाल्यावर जेवायला मागतात. मचवा विकून आठ वर्षं झाली, तेही विसरले. भरती मात्र विसरत नाहीत. उठल्याबरोबर पहिला सवाल, "आज तीथ कुठची?" तिथीवरून भरतीची वेळ, आणि भरतीवर मचवा सोडायचा.

हे सगळं निस्तरते माझी वहिनी, दमयंती. भाऊ आत्माराम मुंबईला गोदीत आहे. तो पत्रातून काळजी घेतो. मी संगमेश्वराला शाळेत दुय्यम मास्तर. सुटीत येऊन काळजी घेतो, म्हणजे ओटीवर बसून चहा पितो.

वहिनीनं आधी दाराला बाहेरून कडी घालून पाहिली. आबांनी दारावर डोकं आपटून कपाळ फोडून घेतलं. मग ती त्यांच्या पाठोपाठ हिंडली; तिकडं चुलीवर भात करपला. खरं सांगून पाहिलं, "मामंजी, मचवा विकलात ना तुम्ही." घरात मयत झाल्यासारखे रडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच सवाल, पुन्हा तेच रडणं. तेव्हापासून तिनं खरं सांगणं सोडलं. "आज अष्टमी," ती म्हणते. अष्टमीची भरती दुबळी. पाणी पुरतं चढत नाही, भरलेला मचवा रुततो. तांडेलाला हे कुणी समजवायला नको. "मग उद्या बघू," म्हणत आबा सुंभ वळायला बसतात. काथ्या वहिनी पुरवते.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एकतीस सालच्या नाताळात घरी आलो आणि तीन दिवसांत तीन अष्टम्या ऐकल्या. चौथ्या दिवशी अकराच्या सुमाराला वहिनी विहिरीवर गेली होती. आबांनी पुन्हा विचारलं आणि माझ्यातल्या मास्तराला राहवेना.

"पौर्णिमा, आबा! आणि तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंधरा पाऊणे सव्वाअकरा!"

"शाबास," आबा म्हणाले. जन्मात पहिल्यांदा. मी खूश होऊन पंचांग खुंटीला अडकवायला आत गेलो. बाहेर येतो तर ओटीवर नुसतं सुंभ.

वहिनी घागर घेऊन आली. "मामंजी कुठायत?"

"इथंच होते की."

"काय सांगितलंत त्यांना?"

"तीथ."

"खरी?"

"मग काय खोटी सांगू?"

घागर दाणकन खाली आली. "एवढं शिकलात, भावजी, थोडं कमी शिकला असतात तर घरावर उपकार झाले असते!" आणि पदर खोचून ती धावत सुटली. शेजारच्या खळ्यात गोदूबाई नारळ सोलत होती. वहिनीनं पळता पळता तिच्या ढिगातला एक उचलला.

"अगो, माझा नारळ!"

"भावजी देतील!"

बंदरावर पाणी टम्म चढलं होतं. आबा छातीइतक्या पाण्यात, कुणा परक्याच्या मचव्याचा दोर सोडवत होते. लाट आली की गळ्यापर्यंत. मी कपड्यांनिशी पाण्यात शिरलो. "आबा, बाहेर या!"

"आरडतोस काय? दोर धर!"

मी दंड धरून ओढलं. त्यांनी असा हिसडा दिला की मीच बुडालो, आणि ते आणखी दोन पावलं आत गेले. माझ्या नाकातोंडात खारं पाणी. आता आबांचे पाय टेकेनासे झाले की संपलं.

तेवढ्यात कमरेइतक्या पाण्यातून वहिनी ओरडली. मामंजी म्हणाली नाही.

"तांडेल! दर्याला नारळ न देता मचवा सोडता होय?"

आबांचा हात दोरावरच थांबला. ते वळले. चेहरा असा, जसा शाळेत पाटी विसरलेल्या पोराचा.

"कुणी विसरला नारळ?"

"हा तुमचा लवू." वहिनीनं माझ्याकडे बोट केलं.

"ह्याला घरी ठेव. मचव्यावर नको," असं म्हणत ते स्वतःच्या पायांनी तिच्याकडे चालत आले. नारळ दोन्ही हातांनी घेतला, डोळे मिटले आणि पाण्यात सोडला. ह्या सगळ्याला त्यांनी चांगला वेळ लावला. मग वहिनी म्हणाली, "ओहोटी लागली, तांडेल. उद्या बघू."

"उद्या बघू," आबा म्हणाले.

घरी वहिनीनं त्यांना कोरडे कपडे नेसवले, पेज पाजली. मग चूल पेटवायला बसली. तीन काड्या वाया गेल्या. चौथी मी ओढून दिली.

"उद्या तीथ कुठची, भावजी?"

"अष्टमी."

"परवा?"

"अष्टमी."

"पाठ करून ठेवा. पाढे पाठ केलेत तसे."

ते पाठ झालंय. नारळ तेवढा राहिलाय. दर सुटीत गोदूबाई मला वाटेत गाठते.

"लवू, माझा नारळ रे?"

"पुनवेला देतो, काकी."

"मेल्या, तुमच्या घरात पुनव येते कधी?"