जबाबाला झालेला उशीर

ती घटना आठवली की आजही मला माझ्या हुशारीची लाज वाटते. गोव्यात डिचोली तालुक्यात फौजदार म्हणून नेमणूक होती. लाटंबार्से भागात काजूच्या बागेचा राखणदार भरदुपारी कोयत्याच्या वाराने मेलेला सापडला. संध्याकाळी खबऱ्याने नाव आणलं ते थेट बागेच्या मालकाचं. जुन्या सरदार घराण्यातला, सत्तरीचा, बिनलग्नाचा माणूस. सगळा गाव त्यांना ‘खाशे’ म्हणे. आदल्याच दिवशी त्यांनी राखणदाराला चारचौघांत झापलं होतं.

दुसऱ्या दिवशी चौकशीत एका प्रश्नावर ते अडले. दुपारी कुठे होता?

"ते विचारू नका. हवं तर अटक करा."

गप्प बसला तो अर्धा कबूल झाला, असं मी तेव्हा धरून चालत असे. अटकेचे कागद करायला सांगितले.

तेवढ्यात साठीची एक बाई आत आली. खाशांच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकाराची मुलगी, आता एकटीच राहायची. माझ्याकडे न बघता त्यांना म्हणाली, "सकाळपासना काय खाल्लंस काय नाय रे?"

हवालदाराचं पेन थांबलं. खाशांना ‘अरे’ म्हणणारं माणूस अख्ख्या तालुक्यात नव्हतं.

"तू घराक जा. लोक काय म्हणतले?"

"म्हणूंदेत. तू गप रव, माका बोलूक दी."

मग तिनेच सगळं सांगितलं. चाळीस वर्षं ते रोज दुपारी तिच्याकडे पेज जेवायला जात होते. घराण्याने लग्न होऊ दिलं नाही. दोघांनी दुसऱ्या कुणाशी केलं नाही. गावाला ठाऊक असणारच, पण कुणी बोलून दाखवलं नव्हतं. त्या दुपारी तिच्या मागच्या दारातून दोघांनी राखणदाराच्या दारूभट्टीतल्या भागीदाराला ओहोळावर कोयता धुताना पाहिलं होतं. कुठून पाहिलं हे सांगावं लागेल, म्हणून खाशे खुनाचा आळ घ्यायला तयार होते.

भागीदाराला तासाभरात उचललं. कोयता त्याच्या गवताच्या गंजीत मिळाला.

मग तिचा जबाब घ्यायला बसलो. "खाशांशी नातं काय लिहू?"

ती अडखळली. "मुंडकार लिवा."

"बायको लिहा," खाशे म्हणाले.

"माका कधी इचारलंस?" ती भडकली.

खाशे बाकावरून उठले आणि सगळ्या पोलिसांदेखत हात जोडून त्यांनी तिला विचारलं. ती रडतच ‘हो’ म्हणाली. खरं सांगतो, माझेही डोळे भरले.

माणूस दुसऱ्याला जपण्यासाठीही गप्प बसतो, हे मी त्या दिवशी शिकलो. पुढे प्रत्येक गप्प माणसाला मी आधी विचारायचो, "कुणासाठी?"

तो जबाब मी चार दिवसांनी नोंदवला. वरिष्ठांनी उशिराचं कारण मागितलं, तेव्हा लिहून दिलं: साक्षीदार स्वतःच्या लग्नात होत्या.